गावातल्या माजी सैनिकांचा सन्मान कसा करावा?

तुमच्या गावात दहा-बारा माजी सैनिक आहेत आणि १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ देण्यापलीकडे काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही काही मंडळी हे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शाल जरूर द्या. पण त्याआधी घरोघरी जाऊन नोंद करा: पूर्ण नाव, पद, युनिट, भरतीचं आणि निवृत्तीचं साल. पेन्शनवाले सगळ्यांना माहीत असतात. पूर्वी पंधरा वर्षं भरायच्या आत घरी आलेले जवान मात्र सुटून जातात, कारण त्यांना पेन्शन नाही. शिपाई गेल्यावर मागे राहिलेल्या बायकाही सुटतात. आणि कृपा करून कुणाला ‘तुम्ही लढाईत होता का’ असं विचारू नका. सैन्यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, सिग्नलवाले, नर्सिंगवाले सगळेच असतात. १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेल्यांना तर आजवर कुणी काही विचारलेलंच नसतं. त्यांच्याकडे बसून ऐका.

नोंद करताना डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सेवेच्या नोंदीचं पुस्तक, बघायला मागा. माझ्या मते सगळ्यांत मोठं काम इथेच आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. मग सैन्याच्या रेकॉर्डला बायकोचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. नवरा हयात आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तीवेतन अडतं आणि सत्तरीतली बाई कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहते. सैनिक हयात असताना, त्याच्या सहीने हीच दुरुस्ती कितीतरी सोपी जाते. कागद जमवून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या आणि सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा. गावातल्या कॉलेजच्या पोरांना हे शिकवा. हयातीच्या दाखल्याचं ऑनलाइन कामही तीच पोरं करतील.

घरपट्टीचंही बघा. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना घरपट्टी माफ करायचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. अनेकांना हे माहीतच नसतं आणि ते मुकाट्याने पावती फाडत राहतात. ग्रामसभेतच विषय घ्या.

आता कार्यक्रम. सत्कारमूर्तींना उन्हात बसवून पुढाऱ्याची वाट बघायला लावू नका, मला त्याची फार चीड येते. निवेदकाला प्रत्येकाचं पद आणि युनिट आधीच लिहून द्या. पदकं लावून यायची विनंती करा. १९७१ च्या युद्धाचा संग्राम मेडल, पूर्वेकडच्या आघाडीचा पूर्वी स्टार, पश्चिमेकडचा पश्चिमी स्टार, प्रत्येकाची रिबन वेगळी. ती बघून शाळेतली मुलं आपणहून प्रश्न विचारतात आणि एरवी घरात चकार शब्द न काढणारे आजोबा बोलायला लागतात. भाषणांऐवजी तो तास त्यांना द्या.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तिथे त्यांचं स्मारक आहे आणि गावाला आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. सगळ्या गावांच्या नशिबी असं नाव येत नाही, पण निदान शाळेच्या भिंतीवर सालवार नावांचा फलक लावता येतो. त्यात हयात आणि दिवंगत दोघंही असू द्या.

राहिली तारीख. शिपाई चाळिशीच्या आत-बाहेरच निवृत्त होतो, मग पुण्या-मुंबईत सिक्युरिटीची नोकरी धरतो. १५ ऑगस्टला त्याला हमखास ड्युटी असते, म्हणजे ज्यांचा सत्कार तेच गैरहजर. आम्ही म्हणून कार्यक्रम जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवतो. जत्रेला सगळे गावी येतात. तुमची जत्रा कधी असते ते बघून तारीख धरा, आणि नोंदीचं काम आत्ताच सुरू करा, त्याला दोन-तीन महिने सहज लागतात.