‘मम्मा मिया!’ हा चांगला चित्रपट आहे की नुसता जुन्या गाण्यांचा कार्यक्रम?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या हौशी ग्रुपला जुनी मराठी गाणी ओवून एक हसतंखेळतं प्रेमाचं नाटक बसवायचंय, आणि त्याआधी २००८ चा ‘मम्मा मिया!’ बघून काय घ्यावं, काय टाळावं ते ठरवायचंय. ह्या बाबतीत मी एकदा तोंडावर आपटलोय, म्हणून उत्तर देतोय.

मी कोल्हापूरचा. बारा वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवला. गणपतीची मंडळं, जत्रा, हळदीची रात्र, कुठंही. तिथं एक गोष्ट पहिल्या सीझनलाच कळते. ओळखीच्या गाण्याचे पहिले चार सूर वाजले की गायक माइकजवळ पोचायच्या आत शिट्ट्या पडतात. त्या शिट्ट्या आमच्या नसतात. ज्यानं तीस-चाळीस वर्षांपूर्वी ती चाल बांधली त्याच्या असतात, आणि ऐकणाऱ्याच्या कॉलेजच्या दिवसांच्या असतात. आम्ही नुसते वसुलीला आलेले. ‘मम्मा मिया!’नं जगभरात साठ कोटी डॉलरच्या वर गल्ला केला, त्यातली बरीच रक्कम अशी वसुलीचीच आहे. अॅबा ह्या स्वीडिश बँडनं ६ एप्रिल १९७४ ला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली. बरोबर पंचवीस वर्षांनी, ६ एप्रिल १९९९ ला, लंडनमध्ये अॅबाचीच गाणी ओवून ‘मम्मा मिया!’ हे नाटक उभं राहिलं, आणि त्याचा हा चित्रपट. दिग्दर्शिका दोन्हीकडं एकच, फिलिडा लॉइड.

गोष्ट एवढीशी. ग्रीसमधल्या एका बेटावर डोना नावाची बाई पडकं हॉटेल चालवते. तिची वीस वर्षांची मुलगी सोफी लग्नाला उभी आहे. बाप कोण ते तिला ठाऊक नाही. आईची जुनी डायरी सापडते, त्यात तीन नावं निघतात, आणि ही पोरगी आईला न सांगता तिघांनाही पत्रिका धाडते.

आता मुद्द्याचं. हा प्रकार आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीचं एखादं गाणं दिलेलं असतं. १८८० च्या ‘शाकुंतला’त किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली असं लोकांच्या कानावरचंच घेतलं. १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी. त्यांनीही ठुमऱ्या आणि चिजा उचलल्या, खाडिलकरांनी त्यावर पदं लिहिली. आणि ‘मानापमान’ म्हणजे तरी काय? गरीब सेनापतीला नाकारणारी श्रीमंत मुलगी वेष पालटून त्याच्याच प्रेमात पडते. आजच्या भाषेत रोमँटिक कॉमेडीच की.

फरक एकच, पण तुमचं सगळं नाटक त्यावर उभं राहणार किंवा पडणार आहे. आपल्याकडं चाल जुनी, शब्द नवे. प्रसंगाला जे हवं ते नाटककार लिहायचा. ज्यूकबॉक्स म्युझिकलमध्ये, म्हणजे ‘मम्मा मिया!’सारख्या तयार गाण्यांवर बेतलेल्या नाटकात, चालही जुनी आणि शब्दही जुनेच. वाकायचं ते गोष्टीनं. मग बघायचं एवढंच की गोष्ट वाकताना नमस्कार करतेय की कंबर मोडून घेतेय.

‘मम्मा मिया!’ जिथं चांगला आहे तिथं गोष्ट लिहिणाऱ्या कॅथरीन जॉन्सननं गाणं नीट वाचलंय. ‘अवर लास्ट समर’ ह्या मूळ गाण्यात पॅरिसमधला जुना प्रियकर येतो, आता तो बँकेत नोकरी करतो आणि त्याचं नाव हॅरी आहे. चित्रपटातल्या तीन संभाव्य बापांपैकी एकाचं नाव हॅरी, आणि तो बँकवाला. गाण्यातनं माणूस काढलाय. ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ मूळचं दप्तर घेऊन शाळेला निघालेल्या लेकीकडं बघणाऱ्या आईचं. इथं डोना झालेली मेरिल स्ट्रीप लग्नाच्या सकाळी मुलीची तयारी करताना ते म्हणते. एक शब्द बदलावा लागला नाही, आणि शाळेतली पोर पाठमोरी दिसत राहते ती वेगळीच. ‘डज युअर मदर नो’ हे मूळ गाणं पुरुष एका कोवळ्या मुलीला सुनावतो. इथं डोनाची पन्नाशीची मैत्रीण टान्या मागं लागलेल्या पोराला तेच सुनावते. गाणं नुसतं उलटं टांगलं आणि हशा वसूल. तिन्ही ठिकाणी टाळी गाण्याला नाही, प्रसंगाला पडते. ऑर्केस्ट्रावाल्याला विचारा, किती अवघड आहे ते.

‘वूले वू’ची गंमत आणखी वेगळी. त्यातल्या शब्दांचा बापाच्या शोधाशी काडीचा संबंध नाही. पण पार्टीत नाच चाललाय, आपणच बाप असल्याचा साक्षात्कार एकेकाला होतोय, सोफीला कुणाला काय सांगावं कळत नाही, आणि ठेका थांबतच नाही. शेवटी ती चक्कर येऊन पडते. तिथं गोष्ट ठेका सांगतो, शब्द नव्हे. ही युक्ती मराठीत सहसा कुणी करत नाही, कारण आपण गाणं म्हटलं की आधी अर्थाकडं धावतो.

आता फसलेलं. ‘द विनर टेक्स इट ऑल’ घटस्फोटाचं गाणं आहे. ते लिहिणाऱ्या अॅबातल्या ब्यॉर्न आणि गाणाऱ्या आग्नेथाचं लग्न तेव्हा, १९८० च्या सुमाराला, मोडलेलं. चित्रपटात डोना आणि सॅमचं, म्हणजे तीन संभाव्य बापांपैकी एकाचं, लग्न झालेलंच नाही. वर कड्यावरच्या चॅपेलमध्ये पाहुणे ताटकळलेत, खाली ही बाई लाल शाल वाऱ्यावर सोडून पूर्ण गाणं म्हणते आणि तो गृहस्थ बिचारा उभा. गोष्ट तेवढा वेळ चक्क बंद. स्ट्रीप हे तोलून नेते. तुमच्या ग्रुपात मेरिल स्ट्रीप असेल तरच असलं धाडस करा.

सॅम झालेल्या पियर्स ब्रॉस्ननच्या गाण्याची तर जगानं खिल्ली उडवली, सर्वात वाईट सहाय्यक अभिनेत्याचा रॅझी पुरस्कारही मिळाला त्याला. माझं मत जरा वेगळं आहे. नटानं गायचं की गायकानं नट व्हायचं, हा आपल्याकडंही जुनाच वाद. प्लेबॅक रुळायच्या आधी, ‘प्रभात’नं इथं कोल्हापुरात १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’ केला तेव्हा हरिश्चंद्र झालेले टेंबे स्वतःच गायले. ते आधीपासून गवई. ब्रॉस्नन गवई नाही, आणि पार्टीच्या गाण्यात तसा आवाज खपतो. हळदीला काका गातात तेव्हा कोण सूर बघतं? पण ‘एसओएस’ हे दोन जुन्या प्रेमिकांच्या भांडणाचं गाणं. तिथं त्याच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या की माणूस दुःख विसरून त्याच्या गळ्याचीच काळजी करतो.

बाकी उणिवा भरपूर आहेत, भराभर सांगतो. नवरदेवाला कामच नाही. शेवटच्या वीस मिनिटांत जो तो कुणाच्या तरी गळ्यात पडतो. वर्षांचा हिशोब लागत नाही: १९९९ च्या नाटकातनं मुलीची वीस वर्षं वजा केली तर १९७९ येतं आणि जमतं, पण चित्रपट नऊ वर्षांनी आला, तरी बापांचे जुने फोटो हिप्पी जमान्यातलेच राहिले. लॉइडबाईंचं मूळ रंगभूमीवरचं, त्यामुळं कॅमेरा कधी कधी कुठं बघावं ते न कळलेल्या पाहुण्यासारखा फिरतो.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते ग्रीक लोकांचं. स्कोपेलोस बेट दिसतं झकास, पण तिथली माणसं नुसती मागं उभी. काम सोडून नाचायला या, नाचून झालं की परत जा. ‘डान्सिंग क्वीन’ला बायका हातातलं टाकून धक्क्याकडं धावतात तेव्हा मजा येते, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्या एकीचंही नाव आपल्याला कळत नाही. कोल्हापूरकराला हे जास्त टोचतं, कारण आमचंही मालिकावाल्यांनी हेच केलंय. एक फेटा, एक तांबडा-पांढरा, दर वाक्यात ‘रांडेच्या’, झालं कोल्हापूर. तुम्ही नाटकाला गाव निवडाल तेव्हा तिथल्या दोन माणसांना तरी स्वतःची अडचण द्या.

आता माझं आपटणं. आम्ही सात-आठ जणांनी असंच नाटक बसवलं होतं, चौदा गाणी घेऊन. केशवराव भोसले नाट्यगृहात एक प्रयोग झाला, २०२४ च्या आगीच्या खूप आधी. गाणी आधी ठरवली, सगळ्यांची आवडती, आणि मग त्यामधनं गोष्ट ओढत नेली. एका गाण्यात पाऊस होता म्हणून नायिकेला मे महिन्यात भिजवली. एकात होडी होती म्हणून नायक कारण नसताना रंकाळ्यावर. प्रेक्षक प्रत्येक गाण्याला टाळ्या वाजवत होते आणि मधल्या संवादांत चहाला उठत होते. एक ज्येष्ठ रंगकर्मी नंतर विंगेत येऊन म्हणाले, “कार्यक्रम छान झाला रे.” ‘नाटक’ हा शब्द त्यांनी काढलाच नाही.

म्हणून सांगतो. आवडतात म्हणून गाणी घेऊ नका. ज्या गाण्यात माणूस आहे, त्याला कुणाला तरी काहीतरी म्हणायचंय, तीच घ्या, आणि बाईचं गाणं पुरुषाला, तरुणाचं म्हाताऱ्याला देऊन बघा. आठ पुरेत. हिट गाणी संपली की काय होतं ते २०१८ च्या दुसऱ्या भागात दिसतं. बरीचशी मोठी गाणी पहिल्यात खर्ची पडल्यामुळं काही परत वाजवावी लागली. तरी त्यात एक जागा आहे. शेर ह्या गायिकेच्या पात्राचा जुना प्रियकर समोर येतो, त्याचं नाव फर्नांडो निघतं, आणि पुढं कुठलं गाणं येणार हे अख्ख्या थिएटरला कळतं. असला निलाजरा विनोद आपल्या गाण्यांतनं सहज निघेल. परवानग्यांचं मात्र आधी बघा. अॅबाचे बेनी आणि ब्यॉर्न स्वतः ‘मम्मा मिया!’त सामील होते, पहिल्या भागात धक्क्यावर पियानो वाजवताना दिसतो तो बेनीच. तुमच्या गाण्यांचे हक्क कंपन्यांकडं असतील.

आणि ग्रुपला दाखवायच्या आधी घरात एखाद्या आईबरोबर बघा. माझी आई इंग्रजीचं अक्षर न कळता मेथी निवडत शेवटपर्यंत बसली होती. मुलीचे केस विंचरायचा प्रसंग आला तेव्हा तिचा हात थांबला. मग तिघांनी मिळून एकेक तृतीयांश बाप व्हायचं कबूल केलं, ते मी तिला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. एकट्याला कुठं झेपतंय?”