गिअर कधी टाकायचा? काटा कुठे पडतो ते बघा

प्रश्न: नमस्कार सर, मी चिंचवडला राहतो. पाच महिन्यांपूर्वी फोक्सवॅगन व्हर्टस १.५ टीएसआय मॅन्युअल घेतली, त्याआधी दहा वर्षं डिझेल गाडी चालवली. डिझेलच्या सवयीने माझा हात २००० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गिअर टाकून मोकळा होतो, मित्र म्हणतो ही गाडी रेडलाइनपर्यंत, म्हणजे मीटरवरच्या लाल पट्ट्यापर्यंत ओढायची असते, आणि डॅशबोर्डवरचा बाण तर त्याहून लवकर टाक म्हणतो. नक्की किती आरपीएमला टाकायचा ते एकदा सांगा.

उत्तर: अभिनंदन, गाडी छान निवडलीत, आणि तुमच्या चाकणलाच बनते ती. बाणाचं आधी उरकून टाकतो, तो मायलेजसाठी आहे, रोज ऑफिसला जाताना त्याचं खुशाल ऐका. पण जोरात जायचं असेल तेव्हा त्याचा उपयोग नाही.

आता तुमचा आकडा. सगळे विचारतात कितीला सोडायचा, पण खरा प्रश्न आहे की पुढचा गिअर पडल्यावर आरपीएमचा काटा कुठे येऊन थांबतो. तुमच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० एनएम (न्यूटन-मीटर), १६०० ते ३५०० पर्यंत सपाट, आणि पॉवर १५० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), ५००० ते ६००० च्या पट्ट्यात. टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि साधारण ७०२४ ने भागायचं की पीएस निघतात, म्हणजे ३००० ला इंजिन १०७ पीएस देतंय, ३५०० ला जवळपास १२५ आणि ५००० ला पूर्ण १५०. समजा गिअर बदलल्यावर काटा दोन तृतीयांशावर येतो. ४५०० ला गिअर टाकलात तर येऊन पडलात ३००० वर, म्हणजे हातात १०७. तोच ६००० ला टाकलात तर पडलात ४००० वर, म्हणजे १२५ च्या वरच, आणि तिथून लगेच १५० कडे चढायला लागलात. म्हणून जोरात जाताना या गाडीला ६००० च्या आसपास. त्याच्या फार पुढे खेचण्यात अर्थ नाही कारण तिथून पॉवर उतरायला लागते, नुसता आवाज वाढतो, तुमच्या मित्राची चूक होतेय ती इथे.

दोन तृतीयांश हे मी समजायला घेतलं, तुमच्या गाडीचं खरं प्रमाण तुम्हीच काढा, अर्ध्या तासाचं काम आहे. रविवारी पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर शेजारी कुणालातरी वही घेऊन बसवा, तिसऱ्यात काटा ३००० वर स्थिर धरा, स्पीड तेवढाच ठेवून चौथा टाका आणि काटा कुठे आला ते लिहायला सांगा. ३००० वरून २१०० वर आला तर ६००० वरून ४२०० वर येणार, प्रमाण तेच राहतं. प्रत्येक जोडीचं असं करा. पहिल्या-दुसऱ्यातली दरी सगळ्यात मोठी निघेल, वरच्या गिअरमध्ये ती कमी कमी होत जाते. म्हणजे सगळ्या गिअरना एकच आकडा लावता येत नाही हे तुम्हाला स्वतःच्याच वहीत दिसेल.

आणि हे सगळं फुल थ्रॉटलचं, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चालवण्याचं झालं. तिसऱ्यात ६००० ला तुम्ही १०० च्या बरेच पुढे गेलेले असता आणि एक्सप्रेसवेची मर्यादाच १०० आहे, तेव्हा ही हौस कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) असतो तिथे भागवा, मनापासून सांगतोय. रस्त्यावर ३५००-४००० ला गिअर टाकलात तरी पुढच्या गिअरमध्ये टॉर्कच्या सपाट पट्ट्यातच येता, ताम्हिणी चढायला ते भरपूर झालं.

डिझेलची एक सवय मात्र आजच सोडा. सहाव्यात १३००-१४०० वर गाडी रांगतेय आणि पुढे ट्रक दिसला म्हणून तशीच ॲक्सिलरेटर दाबायची, हे छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाला फार वाईट. कमी आरपीएमला जास्त लोड आला की मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच पेटू शकतं आणि पिस्टनवर अक्षरशः हातोडा बसतो. आधी गिअर खाली घ्या, सहाव्यातून थेट चौथा घेतला तरी चालतो, मधला पाचवा घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, फक्त क्लच सोडायच्या आधी थोडी रेस देऊन काटा वर आणा म्हणजे गचका बसणार नाही.

प्रश्न: ट्रॅकवर घाईत तिसऱ्यातून चौथा टाकताना दुसरा पडला. इंजिनातून मोठा आवाज आला, आता गॅरेजवाला हेड खोलावं लागेल म्हणतो. पण गाडीला इंजिन मर्यादेबाहेर फिरू न देणारा रेव्ह लिमिटर आहे ना, मग त्याने वाचवलं कसं नाही?

उत्तर: वाईट वाटलं वाचून. लिमिटर फक्त पेट्रोल तोडतो. इंजिन स्वतःच्या जोरावर फिरत असेल तर तेवढं पुरतं, पण तुमच्या वेळी चाकं इंजिनाला फिरवत होती. तिसऱ्यात ६००० ला असताना दुसरा पडला, दोघांतलं अंतर दीडपट धरलं तर इंजिन क्षणात ९००० वर गेलं, तिथे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो. गॅरेजवाला खोलूया म्हणतोय तर खोला, तसंच चालवू नका.

हे होतं हाताच्या जोरामुळे. आपल्याकडे डाव्या हाताने गिअर टाकायचा, घाईत मूठ आवळली की दांडा नकळत डावीकडे ढकलला जातो, आणि डावीकडे मागे दुसरा आहे. तिसऱ्यातून चौथ्याला मूठ उघडी ठेवा, बोटांनी सरळ मागे ओढा, बाजूला काहीही जोर द्यायचा नाही. दांड्याला आतून स्प्रिंग असते, ती त्याला तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेतच ठेवते, तिच्यावर विश्वास ठेवा. दुसऱ्यातून तिसऱ्यालाही तसंच, पुढे ढकला आणि मधे स्प्रिंगला तिचं काम करू द्या. बंद गाडीत क्लच दाबून रोज वीस-तीस वेळा करा, डोळे समोर ठेवून.

प्रश्न: मी न्यू जर्सीला असते, सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली, २०१९ ची, दोन लिटर मॅन्युअल. आधीच्या टर्बो गाडीसारखी ५००० ला गिअर टाकते पण मजा येत नाही, माझं काही चुकतंय का?

उत्तर: ताई, एवढंच चुकतंय की तुम्ही तिला मधेच थांबवताय. या इंजिनाला टर्बो नाही, १८१ हॉर्सपॉवर ७००० ला येतात आणि रेडलाइन ७५०० आहे, म्हणजे ५००० ला गिअर टाकता तेव्हा उरलेली पॉवर तुम्ही घेतलेलीच नसते. जोरात जायचं असेल तिथे ७००० च्या थोडं पुढे जाऊ द्या. पहिल्या गिअरमध्ये काटा इतका भरभर चढतो की ७००० दिसल्यावर हात हलवलात तर उशीर झाला, तीन-चारशे आरपीएम आधीच क्लचकडे पाय जायला हवा. त्यासाठी काट्याकडे बघण्यापेक्षा कान तयार करा, छत उघडून दुसऱ्या गिअरमध्ये ५००० चा आवाज आणि ७००० चा आवाज आठ-दहा वेळा ऐका, लक्षात राहतो. थंडीत मात्र आधी इंजिन तापू द्या, पाण्याच्या तापमानाचा काटा मधे आला तरी ऑइल गरम व्हायला अजून काही मिनिटं लागतात, तोपर्यंत ४००० च्या आतच चालवा.