काढा, पुडी आणि प्रतिकारशक्ती

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे. पावसाळ्यात सारखा सर्दी-खोकला होतो म्हणून रोज गुळवेलीचा काढा आणि सहा महिने दर रविवारी ‘डी’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी घेतात. चालू ठेवावं का?

उत्तर : पुडी आधी थांबवा. कमतरता असेल तर साधारण आठवड्याला एक, अशी आठ आठवडे देतात. पुढे महिन्याला एक. चिठ्ठी एकदाच लिहिली जाते, दुकानातून पुडी मात्र येतच राहते, घोटाळा तिथे होतो. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. ते जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान. ही तहान साखरेचीच असेल असं धरून चालू नका. रक्तातलं डी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी चाचणी) तपासून घ्या.

काढाही रोज नको. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. शिवाय मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्त उतरू शकते.

खरा उपयोग फ्लूच्या लसीचा. दरवर्षी, मे महिन्यात घ्या. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. न्यूमोनियाच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा. साखर चढी राहिली तर पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं, त्यामुळे ती आटोक्यात हवीच. आणि रात्री नुसत्या चहा-पोळीवर भागवत असतील, तर सोबत प्रथिनांसाठी वाटीभर मुगाची उसळ द्या.