एकीचा केक वेगळा कशाला?

प्रश्न: मुलीला सिलिअ‍ॅक नावाचा आजार असल्याचं नुकतंच कळलं आणि पुढच्या आठवड्यात ती 8 वर्षांची होतेय. बाकी पोरांना नेहमीचा केक आणि हिला एक छोटा कपकेक, असं ठरवतेय. सासूबाई म्हणतात, वर्षातून एकदा एक घास खाल्ला तर काय बिघडतं. काय करू?

उत्तर: आधी सासूबाईंचं बघू. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या काही धान्यांतलं प्रथिन, पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते, वरून त्रास दिसला नाही तरी आत नुकसान होतंच. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे, साध्या केकच्या एका घासात त्याहून कितीतरी जास्त असतं, म्हणून तो एक घाससुद्धा नको, हे त्यांना प्रेमानं पण ठाम सांगा.

आता केक. स्पष्ट सांगते, वेगळा कपकेक नकोच! सगळे एक खाताहेत आणि जिचा वाढदिवस तीच दुसरं काहीतरी, हे 8 वर्षांच्या पोरीला बरोब्बर कळतं. शिवाय दोन केक आले की एकच सुरी इकडून तिकडे फिरणार, चुरा उडणार, सगळी मेहनत फुकट. सगळ्यांना एकच ग्लूटेन-फ्री केक करा, चॉकलेटचा केला तर कुणाला पत्तापण लागत नाही. तांदळाचं पीठ, कॉर्नस्टार्च आणि थोडी बदामाची पूड घ्या, पण ग्लूटेन नसल्यामुळे केक धरून राहत नाही, भुगा होतो, म्हणून कपभर पिठाला पाव चमचा झँथन गम (मिश्रण धरून ठेवणारी पूड) घाला आणि मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर तांदळाचं पीठ दाताखाली कचकचतं. बेकिंग पावडरचं पाकीट वाचा, काहींत गव्हाचा स्टार्च असतो. मैद्याची चाळणी आणि जुना लाकडी चमचा अजिबात वापरू नका, आणि भाजल्यावर ग्लूटेन जातं हा गैरसमज, ते जात नाही.

बाकी खाऊत माल्टवाली चॉकलेटं बघा, माल्ट बहुतेक वेळा बार्लीचं असतं. 'गहू नाही' एवढं वाचून खूश होऊ नका, बार्ली आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) पण चालत नाहीत. आणि हो, खेळायला मऊ रंगीत क्ले आणणार असाल तर तेही तपासा, काहींत गहू असतो आणि पोरांचे हात तोंडात जातातच.