दुकानातली किंमत आणि घरातली किंमत

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच, म्हणजे काटकसर, असल्यामुळे त्यांना या वेळी एकत्र उत्तर देत आहे. तिन्ही घरांत पैसा जपून वापरला जातो, आणि तरीही तिन्ही घरांत तो कोठून तरी झिरपतो आहे.

प्रश्न : आम्ही परभणीत राहतो. घरात सहा माणसे आणि मिळवते एकच. माझ्या सासूबाई फार काटकसरी आहेत व त्यांच्यामुळेच घर सावरले, हे मी मान्य करते. परंतु दर एप्रिलमध्ये आमच्या कूलरची पाण्याची मोटार जाते आणि दर वेळी बाजारातली सर्वांत स्वस्त मोटार आणली जाते. घरातले तीनही पंखे वीस वर्षांपूर्वीचे आहेत. मी कमी विजेवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्याचे नाव काढले, तर ‘चालता पंखा काढून टाकायचा का?’ असे त्या विचारतात. आमच्यापैकी चूक कोणाची?

उत्तर : ताई, सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि आपण तो हिशोबानेच सोडवू. प्रत्येक वस्तूच्या दोन किमती असतात. एक आपण दुकानात मोजतो आणि दुसरी ती वस्तू घरात आल्यावर महिन्या-महिन्याने आपल्याकडून वसूल करते. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. जो पंखा दिवसाचे चौदा तास फिरतो, त्याच्यावर रोज ०.६३ युनिट वाचते आणि वर्षातले नऊ महिने धरले तर सुमारे १७० युनिट. सरासरी आठ रुपये दर धरला तर ही बचत तेराशे-साडेतेराशे रुपयांची होते. शिवाय घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर बराच चढतो आणि वाचलेले युनिट नेहमी वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होतात. आपल्या बिलाच्या मागच्या बाजूला टप्प्यांचा तक्ता असतो, तो सासूबाईंना शेजारी बसवून वाचून दाखवा.

आता त्यांच्या बाजूचे ऐका. पंखा बंद पडला असता, तर साधा आणि बीएलडीसी यांच्या किमतीतला फरक तेवढा मोजावा लागला असता आणि तो वर्षभरात भरून निघाला असता. परंतु तुमचा पंखा चालू आहे, त्यामुळे नव्या पंख्याची पूर्ण किंमत हिशोबात धरली पाहिजे. तीन हजारांचा पंखा घेतला, तर तो फिटायला दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. ज्या खोलीत सगळे झोपतात व दिवसभर वावरतात, तेथे हा सौदा फायद्याचाच आहे. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा मात्र रोज तासभरच फिरत असेल, तर त्याच्यावर वर्षाला बारा-तेरा युनिटच वाचतील, म्हणून तेथे सासूबाईंचे ऐकावे आणि जुना पंखा मोडेपर्यंत फिरू द्यावा.

कूलरच्या मोटारीची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे पैसे वाढवून किंवा कमी करून प्रश्न सुटणारा नाही. आमच्या घरचा कूलर मी एकदा मे महिन्यात उघडला, तेव्हा मोटारीच्या जाळीवर पांढरा क्षार इतका घट्ट धरला होता की तो चाकूने खरवडताना त्याचे कपचे निघत होते. मराठवाड्यातल्या बहुतेक बोअरचे पाणी जड असते. कूलरमधले पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीतच राहतो, आणि आपण वरून नवे क्षाराचे पाणी ओतत जातो, त्यामुळे पंधरा दिवसांत टाकीतले पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जड झालेले असते. मोटार स्वस्त असो की महाग, त्या पाण्यात ती टिकणार नाही. तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्यावी. पाणी ओतून द्यायचे म्हणजे आपल्या भागात जिवावर येते, आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना तर विशेषच. म्हणून ते झाडांना न घालता अंगण धुण्यास किंवा संडासात वापरावे. टाकीत पाणी संपल्यावर मोटार कोरडी फिरू देऊ नये. महागड्या हनीकोम्ब (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या) पॅडचा आग्रह तूर्त धरू नका, कारण जड पाण्याने त्यांची छिद्रेही बुजतात आणि मग साध्या गवताप्रमाणे ती शंभर-दोनशे रुपयांत बदलता येत नाहीत.

पत्राच्या शेवटी तुम्ही तेलाच्या डब्याचा ओझरता उल्लेख केला आहे, त्याबद्दल एवढेच सांगते की डब्यावर ‘१५ लिटर’ आहे की ‘१५ किलो’, हे आधी वाचावे. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या जरा वर तेल असते. दोन दुकानांतले भाव पडताळताना हा सव्वा किलोहून अधिकचा फरक लक्षात आला नाही, तर स्वस्त वाटलेला डबा महाग पडतो. वर्षाची ज्वारी आणि तूरडाळ सुगीतच भरून ठेवण्याची सासूबाईंची रीत मात्र सोडू नका. एकदम पैसा जातो हे खरे, पण कोठी कोरडी असेल आणि धान्याला चांगले ऊन दाखवलेले असेल, तर पावसाळ्यात किरकोळीने घेण्यापेक्षा ते स्वस्तच पडते.

प्रश्न : औसा तालुक्यात माझी सहा एकर जमीन आहे. सोयाबीनचे बियाणे दरवर्षी कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणतो. वडील म्हणतात, घरचे पेर. दुसरे असे की, बोअरची पाच एचपीची मोटार गेल्या वर्षी दोनदा जळाली. दर वेळी वर काढणे, जळालेले वाइंडिंग भरणे आणि पुन्हा सोडणे मिळून साडेसहा हजार रुपये गेले, शिवाय चार दिवस हरभरा वाळला. मिस्त्री म्हणतो, नवीन मोटार घ्या. खर्च कोठे करावा आणि कोठे टाळावा?

उत्तर : भाऊ, बियाण्याच्या बाबतीत वडिलांचे ऐका, आणि मोटारीच्या बाबतीत मिस्त्रीचे ऐकण्यापूर्वी थोडे थांबा.

सोयाबीन हे स्वपरागीकरण होणारे पीक आहे व आपण पेरतो ते सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण असतात, त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणे आणले की त्यापासून आलेले चांगले दाणे पुढची दोन-तीन वर्षे बियाणे म्हणून वापरता येतात. कपाशीचे तसे नाही. ती संकरित असते, दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून तेथे दरवर्षी पाकीट विकत घेण्याला इलाज नाही. एकाच शेतात शेजारी-शेजारी असणाऱ्या दोन पिकांना काटकसरीचा एकच नियम लावता येत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि त्यांचे नुकसान होते.

घरचे बियाणे वापरताना कष्ट मात्र टाळू नयेत. सोयाबीनच्या दाण्याचे वरचे टरफल फार पातळ असते. मळणीयंत्र वेगाने फिरवले, पोती उंचावरून टाकली किंवा थप्पी फार उंच रचली की आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा चांगलाच दिसतो. म्हणून बियाण्यासाठी ठेवायचा माल वेगळा, कमी वेगावर मळून घ्यावा आणि पेरणीच्या पंधरा दिवस आधी घरीच उगवण तपासावी. पोत्यातून सरसकट शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडली की जोमदार पांढरे मोड आलेले दाणे मोजा. बुरशी धरलेले, वाकडे किंवा मुळी तुटलेले दाणे मोजू नका, कारण तेथे स्वतःला फसवले तर त्याचा दंड जुलैत दुबार पेरणीने भरावा लागतो. सत्तर दाणे उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरे. बासष्ट उगवले, तर ३४ किलो घ्या. साठच्या खाली आकडा गेला, तर ते पोते मोंढ्यावर धान्य म्हणून विका आणि बियाणे विकतच आणा. तेथे वाचवलेला पैसा मजुरी, खत आणि गेलेला वाफसा (पेरणीजोगी ओल) यांत कैकपटीने परत जातो.

रायझोबियम या जिवाणूच्या बीजप्रक्रियेवर, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम या प्रमाणात, जो किरकोळ खर्च येतो, तो कधीही वाचवू नका. बुरशीनाशक लावणार असाल, तर ते आधी आणि जिवाणू संवर्धक नंतर, हा क्रम पाळा. पाऊसही ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरणी सुरू करू नका.

मोटारीबद्दल सांगायचे, तर वर्षात दोनदा जळणारी मोटार बहुधा स्वतःच्या दोषाने जळत नाही. विजेच्या तीन फेजपैकी (पुरवठ्याच्या तारांपैकी) एक फेज गेल्यावर मोटार दोनच फेजवर फिरत राहते, वाइंडिंग तापते आणि जळते. विजेचा दाब फार उतरला तरी तेच होते. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो व तो फेज जाताच मोटार बंद करतो. पण आपल्याकडे वीज स्थिर नसते, मोटार वारंवार बंद पडते म्हणून कंटाळून अनेक ठिकाणी तो काढून टाकून थेट जोडणी केलेली असते. माझ्या माहेरी, निलंग्याजवळ, एका मिस्त्रीने अशीच जोडणी करून दिली होती आणि त्या उन्हाळ्यात आम्ही मोटार दोनदा वर काढली. तेव्हा प्रथम पॅनेल उघडून पाहा. प्रिव्हेंटर आणि ओव्हरलोड रिले (जादा भार आल्यास मोटार बंद करणारा) चांगल्या प्रतीचे बसवा, योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावा आणि अर्थिंग तपासून घ्या. हा सगळा खर्च तुमच्या एका वेळच्या साडेसहा हजारांहून बराच कमी येतो. हे न करता नवी मोटार सोडली, तर तीही जळेल. हे केल्यावरही जुनी मोटार पाणी कमी ओढत असेल किंवा पुन्हा पुन्हा भरून तिचे बळ गेले असेल, तेव्हा नवी घ्यावी, आणि मग ती मात्र स्वस्तातली घेऊ नये, कारण दोनशे-तीनशे फुटांवरून वर काढण्याचा खर्च स्वस्त मोटारीलाही तेवढाच येतो.

राहिली उधारी. तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट ती आहे. दुकानदार उधारीचा आणि रोखीचा भाव एक ठेवत नाही, आणि सावकाराकडचे दरमहा शेकडा तीन म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के होतात. अशा पैशाने घेतलेली चांगली वस्तूदेखील फायदा देत नाही. पीककर्ज काढले नसेल, तर ते आधी काढा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. यातली मुदत फार महत्त्वाची आहे, ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात आजच लिहून ठेवा.

प्रश्न : माझे वडील जालना जिल्ह्यात गावी राहतात. त्यांना रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला सांगितली आहे. परवा कळले की, पाकीट महाग म्हणून ते गेले तीन महिने एक दिवसाआड गोळी घेत आहेत. जेनेरिक औषध घ्यावे, तर ते कमी दर्जाचे असते असे गावात म्हणतात. काय करावे?

उत्तर : दादा, तुमचे पत्र वाचून मी अस्वस्थ झाले, म्हणून हे उत्तर मासिक छापण्याआधीच तुम्हाला टपालाने पाठवले आहे. येथे जास्त पैसे मोजण्याची मुळीच गरज नाही. पाकिटावर कंपनीने दिलेल्या ठळक नावाच्या जवळ बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, आणि तेच नाव व तेवढेच मिलिग्रॅम असलेली गोळी जनऔषधी केंद्रात पुष्कळ कमी किमतीत मिळते; जेनेरिक म्हणतात ते हेच. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ अशी अक्षरे असतील, तर ती गोळी शरीरात हळूहळू विरघळणारी असते, तेव्हा ती अक्षरेही जुळली पाहिजेत. डॉक्टरांना दाखवून बदल करावा आणि पहिले दोन-तीन आठवडे रक्तदाब मोजून लिहून ठेवावा, म्हणजे वडिलांच्या मनातली शंकाही आकड्यांनी जाईल. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही चौकशी करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांसाठी एनसीडी, म्हणजे असंसर्गजन्य आजारांचा, कक्ष असतो.

एक दिवसाआड गोळी घेतल्याने रक्तदाब सतत खाली-वर होत राहतो आणि दुखत काहीच नसल्यामुळे माणसाला ते जाणवत नाही. पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार ओढवला, तर पाकिटामागे वाचलेले शे-दीडशे रुपये एका दिवसाच्या जीपभाड्यालाही पुरणार नाहीत. वडिलांवर रागावू नका, त्यांनी ते मुलाचा पैसा वाचावा म्हणून केले आहे. त्यांचा रक्तदाब या आठवड्यातच मोजून डॉक्टरांना दाखवा, तीन महिन्यांचा खाडा स्पष्ट सांगा, आणि नवी गोळी हाती येईपर्यंत घरात आहे तीच, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, रोज घ्यायला त्यांना आज संध्याकाळीच फोन करून सांगा.