उपकेंद्रावर रुजू झालेल्या लेकीस

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. करवीर तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रावर तू रुजू झालीस आणि आल्या आल्या काळ्या फुप्फुसांची पोस्टरं लावलीस. राहू देत ती. पण २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. बिडीवाला लांबून दिसतो. खिशातली पुडी, चुन्याची डबी आणि न्हाणीतल्या कोनाड्यातली मिश्री विचारल्याशिवाय कळत नाही.

मिश्रीचंच घे. "तंबाखू खाता का?" म्हटलंस तर बाई "न्हाई" म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसते, तिच्या लेखी ती दात घासते. तव्यावर काळी भाजलेली ती तंबाखूच, पण सकाळी लावतात, जेवल्यावर लावतात, दुपारी काम आवरलं की पुन्हा लावतात. म्हणून "मिश्री किती वेळा लावता?" असंच विचार. गरोदर बाईला पहिल्या तपासणीलाच विचार, कारण त्यानं बाळाचं वजन कमी भरतं. मात्र सासूसमोर विचारू नकोस. सासूशी वेगळं बोल. बहुतेक घरांत डबी तिचीच असते.

तोंड उघडायला सांग. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील तर सुपारी-माव्यानं गाल आखडायला लागलेत असं समज. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठव. तंबाखू सुटली की काही चट्टे जातातही, हे आवर्जून सांग. नुसत्या भीतीनं माणूस पुन्हा तुझ्याकडे फिरकत नाही.

ज्याला सोडायचीय त्याच्याकडून तारीख ठरवून घे. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात चूळ भरायची, बडीशेप चघळायची, कुणाशी तरी बोलायचं. १८००-११-२३५६ हा मोफत नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तूच साठवून दे. पुन्हा सुरू केली तर रागावू नकोस, नवी तारीख घे.

एकट्या माणसाला सांगून मात्र भागत नाही. शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळीला झोप उडवायला तंबाखूचा बार भरला जातो. तिथं मालकाशी आणि सुपरवायझरशी चहाच्या सुट्टीबद्दल बोलावं लागेल. आरोग्य हे परिसर आणि धोरणातून घडतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा सनदेत म्हटलंय आणि मला ते मनापासून पटतं. तालमीत वस्तादांना गाठ. पोरं तुझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. मुख्याध्यापक आणि सरपंचांना बरोबर घेऊन टेपनं अंतर मोज. टपरीवाल्याशी भांडू नकोस, त्याचंही पोट आहे. चहा-वडापाववर भागेल का, ते त्याच्याबरोबर बसून बघ.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतील. त्यांच्या खोपटांवर संध्याकाळी जा, दिवसा सगळी फडात असतात. बायकांशी आधी बोल.

तुझी,
मावशी