मनगटातले नऊ धागे

शहापूर, बेळगाव

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पाचही चित्रांची छायाचित्रे मी दोन दिवस टेबलावर मांडून पाहत होतो. गुलाबांनी भरलेले हृदय, कवटीच्या डोळ्यांतून बाहेर आलेली वेल, झाडासारखी पसरलेली फुप्फुसे, या सगळ्यांत मेहनत आहे, कापणे-चिकटवणे सफाईदार आहे आणि रंगांची जाण तुझ्या वयाच्या मानाने खरोखर चांगली आहे. तरीही पाचांपैकी एकाही चित्रात मला कोणाचे शरीर दिसले नाही. ते हृदय कोणाचे आणि ती फुप्फुसे कोणाच्या छातीतली, असे चित्रासमोर उभे राहून विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण ते सगळे अवयव तू दुसऱ्यांच्या चित्रांतून उचलले आहेस. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

माझे सांगणे एकच आहे. शरीराचा एकच भाग निवड, तो ओळखीच्या माणसाचा असू दे, तो चालतो कसा हे आधी नीट समजून घे, आणि मग त्या भागाचे काम ज्या साहित्याला जमते तेच साहित्य चित्रात आण.

मागच्या दिवाळीत मी वडगावला तुमच्या घरी आलो होतो तेव्हा तुझ्या आई माग थांबवून ताण्यातला तुटलेला धागा सांधत होत्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये त्यांनी दोन टोके घेतली, एकदाच पीळ दिला, आणि त्या क्षणी मनगटाच्या आतल्या बाजूला दोन दोऱ्या कातडीखाली ताठ उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. हालचाल बोटांच्या टोकाला होती आणि स्नायू मात्र पार कोपराजवळ फुगत होता. तुझे चित्र तिथे आहे. बोटांच्या आत त्यांना वाकवणारे किंवा सरळ करणारे स्नायू नसतातच. काही छोटे स्नायू तळहातात असतात, पण जोर लावणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असून तिथून कंडरा नावाच्या चिवट, पांढऱ्या दोऱ्या बोटांपर्यंत जातात. हवे तर आत्ता करून पाहा. तळहात टेबलावर पालथा टेकव, मधले बोट मुडपून आत घे, आणि अनामिका एकटीच वर उचलण्याचा प्रयत्न कर. ती उचलत नाही, कारण हाताच्या पाठीवरच्या कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि मधलीला अडवले की शेजारणीचीही वाट अडते. मागावर उभे आयुष्य काढलेल्या घरातल्या मुलीला याहून अधिक समजावण्याची गरज नाही.

आता मनगटाकडे ये. एका हातात 27 हाडे असतात आणि त्यांतली 8 लहान हाडे मनगटात चार-चारच्या दोन ओळींत बसलेली असतात. त्यांची कमान होते, कमानीवर एक जाड पट्टा ताणलेला असतो, आणि त्यातून तयार झालेल्या अरुंद बोगद्यातून बोटे व अंगठा वाकवणाऱ्या 9 कंडरा आणि त्यांच्यासोबत एक मज्जातंतू जातो. जागा इतकी मोजकी असते की आत थोडी जरी सूज आली तरी सर्वांत मऊ असलेला तो मज्जातंतूच दाबला जातो, आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येऊ लागतात; करंगळी मात्र सुटते. रात्री हात बधिर होतो असे आई त्या दिवशी सहज बोलून गेल्या होत्या. कोणती बोटे बधिर होतात हे त्यांना विचार, आणि चित्राचे राहू दे, आधी डॉक्टरांना दाखव.

यावरून मला जे चित्र दिसते ते सांगतो. तू ते बदलायला मोकळी आहेस. प्लायवुडच्या फळीवर कागदाच्या लगद्याने मनगटाची कमान कर. लगदा यासाठी की हाडही वरून घट्ट आणि आतून जाळीदार असते, आणि लगदा वाळला की मोडलेल्या कडेला तो तसाच दिसतो. त्या कमानीतून खळ लावलेले, ताठ असे ताण्याचे नऊ धागे ओढून घे आणि दोन्हीकडे फळीला बांध. दहावा धागा बिनखळीचा, मऊ रेशमाचा असू दे, आणि तो त्या नवांच्या मधून जाताना थोडा चेपलेला राहू दे. फळी यासाठी की नऊ ताणलेले धागे मिळून जाड कागदही वाकवतात; तिला भोके आधी पाडून घे. एवढे केल्यावर फुले, वेली आणि सोनेरी वर्ख यांची गरज वाटते का, हे तूच ठरव.

कापणे-चिकटवणे आणि शरीरशास्त्र यांचे नाते नवे नाही. 1543 साली शरीररचनाशास्त्रज्ञ आंद्रेयास वेसालिअस यांचा मोठा ग्रंथ स्वित्झर्लंडमधल्या बासल येथे छापला गेला, आणि त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या संक्षिप्त आवृत्तीत विद्यार्थ्यांनी कापून एकावर एक चिकटवावेत म्हणून अवयवांची छापील पाने दिलेली होती. त्याहून जवळचे उदाहरण हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचे. हेन्री ग्रे यांच्या 1858 सालच्या शरीररचनेच्या ग्रंथातील चित्रे त्यांची, आणि त्याच वर्षी ते मुंबईला येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. पुढे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. त्यांनी अवयवांची नावे बाजूला रेघा ओढून न लिहिता प्रत्यक्ष अवयवांवरच लिहिली, त्यामुळे अक्षरांच्या वळणावरूनच स्नायूची दिशा कळते. हे तुझ्या उपयोगाचे आहे. तुझ्या चित्रांत अक्षरे कोपऱ्यात पडून असतात. ती धाग्यावरून, हाडावरून जाऊ देत.

कार्टर लाकडी ठोकळ्यांवर उलटे चित्र काढत, म्हणजे छापल्यावर ते सुलटे येई. ही काळजी मी तरुणपणी घेतली नाही. छातीच्या पिंजऱ्याचे चित्र बटर पेपरवरून उतरवताना मी कागद पालथा टाकला, आणि हृदयाचे टोक उजवीकडे व यकृत डावीकडे गेले. तीन महिन्यांचे काम प्रदर्शनात लागले, आणि एका परिचारिकेने ते पाहून अगदी हळू आवाजात मला सांगितले. ती लाज मला अजून आठवते. तेव्हापासून प्रत्येक बटर पेपरच्या कोपऱ्यात मी आधी ‘उजवा’ असे लिहितो, आणि तूही लिहावेस.

रंगांविषयी थोडेच सांगतो. नीला निळ्या आणि धमन्या लाल ही शिकवण्याच्या सोयीसाठी केलेली खूण आहे. नीलेतले रक्त गडद लाल असते, निळे नसते. रक्ताचा लाल रंग त्यातील लोहाशी बांधलेला आहे, आणि आपल्याकडच्या जांभ्या दगडाचा तांबूस रंगही लोहाचाच. खानापूरच्या वाटेवरची तांबडी माती वस्त्रगाळ करून डिंकात घोटलीस तर बाजारातल्या कोणत्याही नळीपेक्षा खरा रंग मिळेल. उद्यमबागेतल्या कारखान्यांतला बिडाचा चुरा मिठाच्या पाण्याने गंजवूनही सुंदर छटा येतात, पण गंज कागद आणि सूत हळूहळू खातो, म्हणून खाली अॅक्रिलिकचा पक्का थर दे आणि गंज धाग्यांपासून लांब ठेव. अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अॅक्रिलिक धरत नाही.

आपल्या पावसाळ्याचा विचार पहिल्या दिवसापासून कर. पिठाच्या खळीने चिकटवलेल्या कागदाला जुलैत बुरशी येते आणि मग कसर लागते. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल बरा, आणि खळीचे धागे असतील तर चित्र काचेच्या पेटीत, भिंतीपासून बोटभर पुढे टांग. वर्तमानपत्र काही वर्षांत पिवळे पडून तुटते, म्हणून ते लगद्यात आत वापर, वर दिसणाऱ्या थरात नको. हाताचा साचा घ्यायचा झाला तर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या भांड्यात हात कधीही बुडवू नकोस. ते घट्ट होताना इतके तापते की हात गंभीर भाजतो. व्हॅसलीन लावून प्लास्टरच्या पट्ट्यांचे पातळ थर दे आणि ऊब जाणवली की लगेच काढ.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. जुन्या एक्स-रे फिल्मा तुला आवडतात हे मला माहीत आहे, आणि मागून उजेड सोडला की त्या दिसतातही छान. पण ज्याची फिल्म त्याला विचारल्याशिवाय ती वापरू नकोस, आणि नाव व नोंदणी क्रमांक असलेला कोपरा कापून टाक. खरे मानवी हाड कोणी देऊ केले तरी घेऊ नकोस. 2010 साली आपल्या बेळगावातच आयुर्वेद महाविद्यालयातील शरीररचनेच्या एका अध्यापकांनी, वडिलांनी केलेल्या देहदानाचा मान राखून, त्यांच्याच पार्थिवाचे विच्छेदन विद्यार्थ्यांसमोर केले. त्या टेबलावर कोणाचे तरी वडील असतात. विच्छेदनगृह पाहण्याची परवानगी तुला कधी मिळाली, तर पहिल्या दिवशी वही पिशवीतच राहू दे आणि नुसते बघ.

पुढच्या रविवारी ये. येताना आईच्या हाताची दहा रेखाटने आण: पाच धागा धरलेली आणि पाच हात मांडीवर मोकळा ठेवलेली. ती पेन्सिलीचीच असू देत. माझ्याकडे हाताच्या सांगाड्याची प्लास्टिकची प्रतिकृती आहे, ती पुसून बाहेर काढून ठेवतो; तिच्या शेजारी तुझी रेखाटने मांडून कोणते हाड कुठे आहे ते एकेक करून पाहू. आईंना माझा नमस्कार सांग. बाकी भेटीअंती.

तुझे,
सर